इमामभाई आणि मुकं कथील

शनिवार, २ जून १९३४, सकाळी साडेआठ. जागा, आमच्या आळीतल्या बुजवलेल्या विहिरीजवळची फरशी. हजर माणसं आठ: मी, तात्यासाहेब, आळीतले आणखी पाच घरवाले आणि कल्हईवाले इमामभाई. रक्कम अडीच रुपये, सव्वा शेर कथिलाची, दर शेराला दोन रुपये. पैसे मी आदल्या संध्याकाळी पेठेतल्या एका दुकानदाराला रोख दिले होते. पावती माझ्या खिशात होती आणि तिचा मला अभिमान वाटत होता.

तो अभिमान कशाचा होता हे सांगतो, म्हणजे पुढचं सांगताना लाजायला नको. नाशिकला घराघरांत पितळ आणि तांबं. वर्षातून एकदा कल्हई लावायची. दरवर्षी इमामभाई स्वतःचं कथील आणत आणि भांड्यामागे दोन आणे घेत. सात घरांची मिळून एक्याऐंशी भांडी, दहा रुपये दोन आणे. मी हिशेब मांडला की कथील आपण आणलं आणि इमामभाईंना एक आणा मजुरी दिली, तर सगळं सात रुपये नऊ आण्यांत होतं. घरटी सहा आण्यांना थोडी कमी बचत. शिवाय कल्हईवाले कथील चोरतात, असं सगळेच म्हणत. ती चोरीही थांबणार होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्यासाहेब म्हणाले, "हिशेब तुमच्याकडून शिकावा."

इमामभाईंनी माझ्या हातातली कांब घेतली. पाहिली नाही. कानाजवळ नेली आणि दोन्ही हातांनी हळूच वाकवली. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "ही बोलत नाही."

"बोलत नाही म्हणजे?"

त्यांनी स्वतःच्या पिशवीतून एक बोटभर कांब काढली आणि माझ्या कानाशी धरून वाकवली. कोरडा पापड दुसऱ्या खोलीत कुणी मोडावा तसा कुरकुर आवाज आला. आमची कांब पुन्हा वाकवली. ती मेणासारखी मुकाट वाकली.

"खरं कथील वाकवलं की ओरडतं, भाऊसाहेब. यात निम्मं शिसं आहे. शिसं मुकं असतं. मी ही लावणार नाही."

तात्यासाहेब हसले. "त्यांचं कथील खपलं नाही ना यंदा. म्हणून आमचं मुकं."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या खिशात पावती होती.

"हसा," इमामभाई म्हणाले. "जेवताना हसू नका म्हणजे झालं." भाता उचलला आणि निघून गेले. सोमवारी येवल्याकडचा एक फिरता कल्हईवाला आला. त्यानं कांब वाकवली नाही, काही विचारलं नाही, एक आण्यात एक्याऐंशी भांडी चांदीसारखी करून दिली. त्या चकाकीचं कौतुक आम्ही आठ दिवस केलं.

इमामभाई तेव्हा साठीच्या आसपास असतील. काळेसावळे, उंच, पाठीत थोडे वाकलेले. डाव्या भुवईवर, तापल्या भांड्यात टाकताना उडालेल्या नवसागराच्या कणाचा पांढरा डाग. आळीत शिरताना "कल्हईयेऽ" अशी जी हाक देत, ती ओरडल्यासारखी नसे, हुकूम दिल्यासारखी असे. घासाघीस करणाऱ्या बाईला ते उत्तरच देत नसत. भांडं तिच्याकडे परत सरकवत आणि पुढचं मागत. मोठ्या घराला सूट नाही, गरिबाला सूट नाही. एकदा एका विधवा बाईनं दोन भांड्यांच्या चार आण्यांऐवजी दोनच आणे पुढे केले, तेव्हा ते म्हणाले, "बाई, एक भांडं आज करा, एक पुढल्या महिन्यात. पण अर्ध्या पैशात मी अर्धीच कल्हई लावीन आणि उरलेल्या अर्ध्यातून तुम्ही जहर खाल." बाईला राग आला. पण तिनं तसंच केलं.

आळीत ते थट्टेचा विषय होते ते दुसऱ्याच कारणानं. कामाचा अंगरखा वेगळा. काम संपलं की तो काढून पिशवीत घालत, घरी नेतही नसत, नदीवर धुवत. काम चालू असताना पाण्याचा घोटही घेत नसत. कुणी चहा पुढे केला तर आधी राख मागत. हात राखेनं तीनदा धुवायचे, नखांत काडी घालायची, चूळ भरायची, मग कप धरायचा. विडी तर कामाच्या दिवशी शिवत नसत. आळीतली पोरं म्हणत, "इमामभाईंचं सोवळं काकूंपेक्षा कडक." काकू म्हणजे तात्यासाहेबांच्या पत्नी. त्यांच्या सोवळ्याची आळीभर दहशत होती, म्हणून ही थट्टा आणखी रंगे.

एकदा मी त्यांना विचारलं, की हे सगळं कशासाठी. भात्याशी बसून त्यांनी जे सांगितलं ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं.

"माझा थोरला भाऊ मुंबईला खिळे ओतायच्या कारखान्यात होता. छापखान्याचे खिळे, शिशाचे. अकरा वर्षं. त्याच हातानं भाकरी मोडायचा. आधी पोटात कळ यायची. मग शौचाला होईना. मग एक दिवस पाण्याचा पेला उचलायला गेला आणि मनगट वर येईना. दुखत नव्हतं. हात होता, बोटं होती, फक्त हात लटकायचा. मेलेल्या कोंबडीची मान लटकते ना, तसा. तीन वर्षं माझ्या अम्मीनं त्याला भरवलं. मालक म्हणाला, याला वारं गेलंय."

"आणि मग?"

"मग काय? मेला." भाता दोनदा ओढून ते म्हणाले, "साप चावला की सगळं गाव धावतं. माझ्या भावाला शिसं अकरा वर्षं चावत होतं. एक माणूस धावला नाही. जहर मोठं नसतं, भाऊसाहेब. रोजचं असतं."

जहराबद्दल त्यांची स्वतःची अशी एक शाळाच होती. तात्यासाहेब एकदा ऐकवू लागले की आपले पूर्वज तांब्याच्या भांड्यातलं पाणी पीत आणि शंभर वर्षं जगत, मग तांब्याला कल्हई हवी कशाला. इमामभाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"पाणी ठेवा, खुशाल ठेवा. ताक ठेवून बघा. तांबं तेच. आंबट लागलं की ते सुटतं. लिंबू, चिंच, ताक, कोकम, ही सगळी धातूची कुलपं उघडणारी माणसं."

"पण कळकलेलं ताक आम्हाला कळतं की. तोंडात घेतलं की थुंकतो."

"तेच तर. तांबं इमानदार जहर आहे. जिभेवर सांगतं, पोटात गेलं तर ओकारी आणून बाहेर पडतं. शिसं तसं नाही. शिसं गोड लागतं. सांगत नाही. आत जातं आणि हाडात बिऱ्हाड करतं. असा भाडेकरू, की घर पडेपर्यंत निघत नाही."

तात्यासाहेब म्हणाले, "तुम्ही वैद्यच व्हायला हवं होतं." ही स्तुती नव्हती. आणि इमामभाईंना ते कळलं होतं.

आता १९३४ च्या पावसाळ्याकडे येतो.

श्रावणात तात्यासाहेबांची सून, त्यांच्या माधवची बायको कुसुम, पोट धरून बसू लागली. वय एकोणीस, माहेर सायखेड्याचं, दिवस गेलेले. पाचवा महिना. कळ आली की ती पाट्यावर ओणवी होऊन तोंडात पदर कोंबत असे, कारण आवाज बाहेर गेला तर काकू म्हणत, "सात पोरं झाली मला, एकदा तरी कुणी ऐकलं का?" तिचा रंग गेला. हिरड्या दुखतात म्हणे. जेवण जात नाही म्हणे. डॉक्टरांनी हिवताप म्हणून कोयनेल दिलं. जंत म्हणून एरंडेल दिलं. काकूंनी नखरे म्हणून काम दिलं.

भाद्रपदात, सातवा महिना लागताना, तिला मूल झालं ते मेलेलंच.

मी आमच्या घरातही काही तरी वेगळं पाहत होतो आणि पाहत नव्हतो. माझी बायको संध्याकाळी भिंतीला टेकून बसू लागली होती. विचारलं की म्हणे, "काही नाही, वारा धरलाय." मी कचेरीचे आकडे नऊ वेळा तपासणारा माणूस. घरातला हा आकडा मी एकदाही तपासला नाही.

दसऱ्याच्या आधी इमामभाई आळीत आले. जूनमधल्या अपमानानंतर त्यांनी हाक दिली नव्हती, नुसते चालत होते. माझ्या बायकोनं त्यांना थांबवलं आणि कढीचं पातेलं दाखवलं. "चार महिनेच झाले कल्हईला. तळ असा राखाडी का पडतोय?"

इमामभाईंनी बोटाला फडकं गुंडाळलं, मगच पातेलं धरलं. मला म्हणाले, "कागद द्या." मी वर्तमानपत्राचा कोरा कडेचा तुकडा दिला. त्यांनी पातेल्याच्या तळातून खरवडलेला एक कण कागदावर घासला. शिसपेन्सिलीसारखी काळी रेघ उठली. मग स्वतःचं कथील घासलं. काहीच उठलं नाही.

त्यांनी मला काही म्हटलं नाही. 'सांगितलं होतं' एवढंसुद्धा नाही. बायकोकडे न बघता, खाली बघत विचारलं, "बाईंना पोटात कळ येते?"

तिनं पदर पोटाशी ओढला.

"भाऊसाहेब, उजेडात बाईंच्या हिरड्या बघा. मी बघणं बरं नाही. दातांच्या कडेला निळी रेघ आहे का?"

मी दारात नेऊन बघितलं. होती. बारीक, शाईनं ओढल्यासारखी. लग्नाला सतरा वर्षं झाली होती.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो ऐकून मला आजही स्वतःचा आणि आमच्या साऱ्या आळीचा संताप येतो. ते म्हणाले, "तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं?"

हा काय प्रश्न झाला? बायका शेवटी जेवतात. पुरुष ताजं जेवतात, मग पोरं, मग म्हातारी माणसं. भांड्याच्या तळाशी जे उरतं, खरवडून निघतं, ते बाईच्या ताटात. रात्रीची कढी, चिंचेची आमटी, पातेल्यातच राहून सकाळी आणखी आंबलेली, ती टाकायची नाही म्हणून बाईच खाते. आंबट जितका वेळ शिशावर राहील तितकं शिसं त्यात उतरतं, आणि ते सगळं तळाशी बसलेल्या घासात. माझ्या पोटात शिशाचा एक वाटा जात असेल, तर तिच्या पोटात दहा. आणि ज्या बाईच्या पोटात मूल आहे, तिचं मूल आईच्या हाडांतून चुना ओढून घेतं, तेव्हा त्याबरोबर शिसंही ओढतं. हे शेवटचं मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. बाकीचं इमामभाईंनी माझ्या दाराच्या पायरीवर पाच मिनिटांत सांगितलं.

"राजाच्या घरी आधी दुसरा चाखतो, मग राजा खातो," ते म्हणाले. "तुमच्याकडे उलटं. सगळे खाऊन होतात, मग बाई चाखते. मग कळणार कसं?"

इमामभाई आणि मी तात्यासाहेबांच्या ओटीशी गेलो. मी पावती आणि कागदाचा तुकडा पुढे ठेवला. इमामभाई पायरीच्या खाली उभे राहिले. त्यांना वर या कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

तात्यासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकाच भांड्यातलं आम्ही पाच जणं जेवलो. मी ठणठणीत. माधव ठणठणीत. भांड्याचा दोष असता तर सगळ्यांना झाला असता."

"साहेब, ती शेवटी जेवते."

"तू जूनमध्ये इथून शाप देऊन गेलास. 'जेवताना हसू नका' म्हणालास. हे सात जणांनी ऐकलंय."

"शाप नव्हता. माहिती होती."

"चालता हो."

इमामभाईंना संताप आला. पण आवाज चढवला नाही. म्हणाले, "त्या मुलीला भांड्यातलं देऊ नका. मातीच्या मडक्यात वेगळं करा. माझ्यावर पोलीस घाला, पण एवढं करा."

मी खरवडून नेलेली कल्हई आमच्या डॉक्टरांनी आम्लात विरघळवून त्यात एक औषध टाकलं, तेव्हा ते पाणी हळदीसारखं पिवळं झालं. "शिसं," ते म्हणाले आणि कोयनेलबद्दल काही बोलले नाहीत. सहा घरांची भांडी इमामभाईंनी पुन्हा भट्टीवर घातली, तोंडाला ओलं फडकं बांधून जुनी कल्हई तापवून पुसून काढली, नवी लावली. दर दोन आणे. आळीतल्या एकानं विचारलं, "आमच्याकडूनच चूक झाली हे खरं, पण थोडं कमी नाही का करणार?" इमामभाईंनी त्याचं पातेलं त्याच्याकडे परत सरकवलं. त्यानं निमूट दोन आणे दिले. मी त्या दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही स्वस्त मागितलंत, मी स्वस्त दिलं. तुम्ही वाकवून घ्यायचं होतं." त्यानं एक पैसाही परत केला नाही. त्याच्या दुकानावर आजही गर्दी असते.

सातवं घर तात्यासाहेबांचं. तिथली भांडी तशीच राहिली आणि दिवाळीनंतर कुसुमला सायखेड्याला धाडलं. तिचे वडील बैलगाडी घेऊन आले होते. कमरेत वाकून ते तात्यासाहेबांना म्हणत होते, "पोरीचं काय चुकलं तेवढं तरी सांगा, साहेब. लय सोसणारी पोर हाय माझी. कधी वर त्वांड करून बोलली नाय."

"तिच्या पायगुणानं हे झालं," तात्यासाहेब म्हणाले. "बरी झाली की कळवू."

बरी झाली की कळवणार नव्हते. माधवचं दुसरं लग्न ठरवायचं होतं, हे आळीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं. एकोणीस वर्षांच्या पोरीला माहेरच्या परसात जन्म काढावा लागणार, तेवढंच बाकी होतं. आम्ही सहा घरवाल्यांनी, ज्यांच्या घरची भांडी आता निर्मळ होती, हळहळ केली. हळहळीला पैसे पडत नाहीत.

मग एक गोष्ट झाली. कुसुम गेल्यावर त्या घरात शेवटी जेवायची पाळी काकूंवर आली. मार्गशीर्षात काकूंच्या पोटात कळा येऊ लागल्या. तात्यासाहेब कचेरीत गेलेले पाहून त्यांनी इमामभाईंना बोलावणं धाडलं. तेवीस भांडी परसात मांडली. माझ्या खिडकीतून ते परस दिसतं.

इमामभाईंनी भट्टी पेटवली. एकेक भांडं तापवून त्यातलं शिसं पुसून काढलं. दोन तास लागले. शेवटचं भांडं पितळेसारखं पिवळं झाल्यावर त्यांनी भट्टीवर पाणी ओतलं आणि भाता बांधायला घेतला.

"अहो, कल्हई?" काकू म्हणाल्या.

"जहर काढलं. ते काढणं माझं काम होतं. त्याचे पैसे नकोत."

"मग कल्हई कोण लावणार?"

"मीच लावणार, बाई. तुमची सून या घरात आली की दुसऱ्या दिवशी लावणार."

काकू ओरडल्या. त्यांची जात, त्यांचा धंदा, त्यांची सात कुळं काढली. इमामभाईंनी शांतपणे राख मागितली. ती मिळाली नाही. तसेच, काळे हात पुढे धरून, नळावर गेले.

संध्याकाळी तात्यासाहेब माझ्याकडे आले. "ह्या माणसाची हिंमत बघा. माझ्या घरची सून आणायची की नाही हे कल्हईवाला ठरवणार? नाशकात काय हा एकटाच आहे?"

नाशकात आणखी चार होते. चौघेही इमामभाईंचे भाचे, मेहुणे किंवा शागीर्द. त्या आठवड्यात तात्यासाहेबांनी चौघांनाही बोलावलं. एकाचा भाता फुटलेला होता, एकाकडे कथील नव्हतं, एकाला ताप होता, आणि चौथा नुसताच म्हणाला, "चाचांना विचारा." येवल्याचा तो फिरता मात्र कुणाला सापडला नाही. बिनकल्हईच्या पितळेत त्या घराचं काय झालं ते ज्यांनी तसं घर चालवलंय त्यांनाच कळेल. आमटीला हिरवट कड धरू लागली. सकाळी लावलेलं ताक दुपारी कळकू लागलं. ॲल्युमिनियम काकूंच्या सोवळ्यात चालत नव्हतं. चारदा मडकी आणली, चारदा फुटली.

मी इमामभाईंना एकदा म्हटलं, "हे जरा जास्त होतंय."

त्यांनी भाता खाली ठेवला. "जास्त? कळकलेल्या ताकानं फार तर एक दिवस ओकारी येते, भाऊसाहेब. ती पोरगी जन्मभर कशानं ओकणार?"

वैशाखात मुलीकडची माणसं माधवला बघायला आली. चौघं. जेवण चांगलं झालं असावं. पण ऊन होतं, म्हणून दुपारी सर्वांना ताक दिलं. ते सकाळपासून पितळी गंजात होतं. आंबट, थंड, जिरं-मीठ घातलेलं. जिरं-मिठानं चव झाकली गेली. तासाभरात त्या चौघांनी तात्यासाहेबांच्या ओटीखालच्या गटाराकडे धाव घेतली. मुलीचा बाप भिंतीला धरून ओकत होता आणि मध्येच मान वर करून म्हणत होता, "आधीच्या सुनेचं काय झालं म्हणालात?" सोयरीक तिथेच मोडली. आणखी दोन ठिकाणी ती बातमी तात्यासाहेबांच्या निरोपाआधी पोहोचली.

ज्येष्ठात तात्यासाहेबांनी सायखेड्याला गाडी धाडली. पश्चात्तापानं धाडली असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण घर कळकलं होतं आणि दुसरी मुलगी मिळत नव्हती, म्हणून धाडली. कुसुम संध्याकाळी उतरली. चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. तिला कुणी ओवाळलं नाही. ती सरळ आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी "कल्हईयेऽ" अशी हाक आली. वर्षभरात पहिल्यांदा. इमामभाईंनी परसात भट्टी लावली, कांब वाकवून आधी काकूंच्या कानाशी धरली. "ऐका," म्हणाले, "बोलतंय ना?" काकूंनी मान फिरवली. नवसागराचा पांढरा धूर उठला, कापसाचा बोळा फिरला, भांडी पाण्यात चुरचुरली. मधेच ते कुसुमला म्हणाले, "बेटी, जी रांधते तिनं आधी जेवावं. मी माझ्या घरात तसंच ठेवलंय." ती कल्हई झालेली भांडी आत नेत राहिली. त्या दिवशीही ती शेवटीच जेवली असणार. आमच्या आळीत एका घरापुरती ती रीत मोडली, ते घर माझं. आणि तेसुद्धा, बायको म्हणते, पहिलं वर्षभर मला बोचत होतं.

काम झाल्यावर त्यांनी नळावर तीनदा हात धुतले, नखांत काडी घातली. भाता खांद्यावर टाकला. जाताना माझ्या खिडकीकडे एकदा बघितलं, हात नाही केला. पाठ आणखी वाकली होती. पुढच्या वर्षी त्यांचा भाचा आला. चाचा मालेगावला मुलीकडे राहायला गेले, असं त्यानं सांगितलं. मला ते परत दिसले नाहीत.

कल्हई झाली त्या सकाळी तात्यासाहेब ओटीवर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. निघण्याआधी पैशाचं विचारायला इमामभाई पायरीशी उभे राहिले तेव्हा ते उठून आत गेले. पैसे कुसुमनं बाहेर आणून दिले. इमामभाईंनी मोजून घेतले.

एक मूल, एका मुलीची सात महिन्यांची विटंबना, एका माणसाची भरआळीत घेतलेली अब्रू, या सगळ्यापायी त्या घरानं कुणाला काही दिलं असेल तर ते एवढंच. रविवार, १६ जून १९३५. तेवीस भांडी, दर दोन आणे. दोन रुपये चौदा आणे, इमामभाईंना, कल्हईचे.